छोटी ख्रिस्ती कॉलेजं आणि त्यांचे खेळ: कॉलेज बंद, संघ मैदानात

एरीकाठचा

मंडळी, हा धागा कधीचा डोक्यात घोळत होता. आज मुलीचा सराव संपेपर्यंत दीड तास गाडीत बसायचं होतं, तेव्हा बसल्या बसल्या टंकला. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जून २०२४ चा पहिला शनिवार. शेजारचे निवृत्त आजोबा बेसबॉलचे वेडे. सकाळीच दारात हजर. म्हणाले, "चल ईस्टलेकला. आज जो संघ खेळतोय त्याचं कॉलेज कालपासून अस्तित्वातच नाही." मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज, मेथडिस्ट पंथाचं, मुळं पार १८५६ पर्यंत जाणारी. पैशाचं गणित कित्येक वर्षं बिघडलेलं. राज्य सरकारकडून कर्ज मिळेल या आशेवर दिवस काढले, ते नाकारलं गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये विश्वस्तांनी जाहीर केलं की ३१ मेला कुलूप. बेसबॉलची पोरं मात्र जिंकतच सुटली आणि थेट डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज-खेळांचा तिसरा गट, बहुतेक छोट्या कॉलेजांचा) वर्ल्ड सीरीजला येऊन पोचली. ती स्पर्धा ओहायोत, आमच्या क्लीव्हलंडच्या शेजारी ईस्टलेकला. प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, लाख डॉलरच्या वर जमले. त्यांचा पहिला सामना कधी? ३१ मे. तो हरले. शनिवारी दुसरा, तो आम्ही पाहिला. समोर रँडॉल्फ-मेकन, तेही मेथडिस्टांचंच, १८३० सालचं. नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून बर्मिंगहॅम-सदर्ननं सामना खेचला. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई हमसून हमसून रडत होत्या. मला वाटलं खेळाडूची आई असेल. त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी निघाल्या, तेरा तास गाडी चालवून आलेल्या.

रविवारी ११–१० असे हरले, विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून. ते सरकारी विद्यापीठ आहे, हेही नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून मी या छोट्या कॉलेजांच्या मागे लागलोय. हजार-दीड हजार विद्यार्थी, गावात एक चर्च, एक ग्रंथालय, आणि वीस-वीस खेळांचे संघ! आपल्याकडे एवढ्याशा कॉलेजात क्रीडाशिक्षकाची जागा भरतात का सांगा. हे असं का, हा माझा प्रश्न. माझं उत्तर थोडक्यात: सुरुवातीला या कॉलेजांनी खेळ पाळला तो धर्माचा भाग म्हणून, आणि आता खेळ कॉलेजांना पाळतोय. पण आधी तुमचं ऐकू दे.

पोहेवाली

वाचतेय. रडणाऱ्या बाईंपाशी माझेही डोळे भरले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तर्कटराव

लेख छान, पण 'धर्माचा भाग म्हणून' हे जरा इस्कटून सांगा. ख्रिस्ती धर्मात व्यायाम कुठून आला? उपास, प्रार्थना, प्रवचन ठीक. चर्च आणि चेंडू यांचा काय संबंध?

एरीकाठचा

@तर्कटराव, प्रश्न रास्त आहे. जुन्या कर्मठ मंडळींना खेळ म्हणजे वेळेची नासाडीच वाटायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत वारं बदललं. गिरण्या, ऑफिसं आली, पोरं शहरात खुर्चीला चिकटली. तेव्हा असा विचार पुढे आला की दुबळं शरीर घेऊन देवाचं काम कसं करणार. आपल्याला हे नवीन वाटू नये. समर्थांनी गावोगाव मारुती बसवले आणि आपल्या तालमीत आजही शेंदूर लावलेला मारुती असतोच की. त्यांनी जिममध्ये येशू आणला.

या विचाराचं कारखानाघर म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. तिथे १८८५ साली एक संस्था निघाली. नावच 'स्कूल फॉर ख्रिश्चन वर्कर्स'. वायएमसीए म्हणजे तरुणांसाठीची ख्रिस्ती संघटना, तिच्यासाठी माणसं तयार करायची, हा उद्देश. व्यायाम विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक. शरीर, मन, आत्मा असा तीन बाजूंचा त्रिकोण त्यांनी वायएमसीएला दिला. त्यांच्या हाताखाली जेम्स नेस्मिथ, कॅनडाचे, धर्मशास्त्र शिकलेले. हिवाळ्यात मैदानावर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेले अठरा दांडगे विद्यार्थी. गुलिकनी नेस्मिथना सांगितलं, यांच्यासाठी आत खेळता येईल असं काहीतरी काढा. डिसेंबर १८९१. नेस्मिथनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आज जगभर रिंग दहा फुटांवर. तेरा नियम, नऊ विरुद्ध नऊ, आणि अख्ख्या पहिल्या सामन्यात एकच बास्केट.

हा खेळ धंद्यासाठी नाही निघाला, राजवाड्यातही नाही निघाला. धर्मसेवकांच्या शाळेत, उनाड पोरांना आवरायला निघाला. आता बोला!

गावठी_गणपत

शिपायाकडे खोकी असती तर खेळाचं नाव बॉक्सबॉल झालं असतं 😀

नागपाडा_एक्सप्रेस

एरीकाठचा, तुम्ही पार अमेरिकेतून बास्केटबॉल सांगताय. आम्ही तो खेळ आमच्या गल्लीतच जन्मला असं समजून वाढलो. आमच्या नागपाड्याला क्रिकेटइतकाच बास्केटबॉल. संध्याकाळी मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर जागा मिळायची नाही. आमच्या वेळी बूट एकाचे आणि खेळणारे तिघे अशी गत.

आणि याचा धागा थेट तुमच्या विषयाशी जुळतो. नागपाडा नेबरहुड हाऊस १९२७ साली निघालं ते अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं. तेच मिशन ज्याचं अहमदनगरला मोठं काम होतं. गिरणी-गोदीतल्या लोकांच्या वस्तीत वाचनालय, दवाखाना, खेळ, सगळं एका छपराखाली. मॅनशार्ट यांच्याच प्रयत्नांतून आणि टाटांच्या पैशांतून १९३६ साली तिथे समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. आजची 'टिस' (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतात ती हीच. टिसच्या पोरांना बास्केटबॉल येतो की नाही माहीत नाही, आमच्या पोरांना येतो.

आणि नुसता बास्केटबॉल नाही. व्हॉलीबॉल काढणारा विल्यम मॉर्गन हाही स्प्रिंगफील्डचाच विद्यार्थी. १८९५ साली होल्योकच्या वायएमसीएत. बास्केटबॉल दमवतो अशी तक्रार करणाऱ्या वयस्क मंडळींसाठी. आज आपल्याकडे यात्रेत रात्री हॅलोजन लावून व्हॉलीबॉलचे सामने होतात, बक्षीस बोकड असतो, आणि कुणाच्या गावीही नसतं की हा खेळ पोट सुटलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांसाठी काढलेला.

सदाफुली

@नागपाडा_एक्सप्रेस, मस्त प्रतिसाद! यात भर घालते. स्प्रिंगफील्डचे हॅरी बक १९१९ च्या सुमारास भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. आपल्याकडच्या जुन्या पिढीतले कितीतरी पीटीचे मास्तर तिथून शिकून आलेले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाचे व्यवस्थापकही बकच. त्याच काळात दोराबजी टाटा ऑलिंपिक संघटना उभी करत होते, त्यांच्या जोडीला सचिव म्हणून डॉ. नोरेन. तेही वायएमसीएचेच. आणि दोराबजींना ऑलिंपिकची कल्पना सुचली कुठे, तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघताना, जिथे शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती.

तर्कटराव

सगळं छान छान चाललंय, म्हणून मीच वाईटपणा घेतो. मिशनऱ्यांनी खेळ आणला तो फुकट नाही. 'तुमची शरीरं दुबळी, आम्ही सुधारतो' हा सूर त्यात होताच. जणू आपल्याकडे मल्लखांब, कुस्ती, लेझीम काही नव्हतंच. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली व्यायामशाळा काढली ती कुठल्याही मिशनच्या मदतीशिवाय, आणि त्यांची मुलं १९३६ ला बर्लिनला प्रात्यक्षिकं करून आली.

सदाफुली

सूर होता, मान्य. पण नागपाड्याच्या पोरांनी खेळ घेतला आणि सूर सोडून दिला, हेही धरा की.

तर्कटराव

हे मात्र पटलं.

एरीकाठचा

तर्कटराव, तुमच्या मुद्द्याला अमेरिकेतलंच एक उदाहरण जोडतो. आमच्यापासून पाऊण तासावर ओबर्लिन आहे. १८३३ साली दोन प्रेस्बिटेरियन धर्मप्रसारकांनी रानात वसवलेलं गाव आणि कॉलेज. १८३५ पासून काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश, १८३७ पासून मुलींना पदवीचा अभ्यासक्रम. गुलामगिरी कायद्यानं चालू असतानाची गोष्ट आहे ही. १८८१ च्या त्यांच्या बेसबॉल संघात मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा काळा विद्यार्थी यष्टिरक्षकासारख्या जागेवर खेळायचा, त्याचा धाकटा भाऊ वेल्डीही संघात. १८८४ मध्ये मोझेस टोलीडोकडून मेजर लीगमध्ये खेळला. त्यानंतर गोऱ्या मालकांनी दार असं लावलं की मेजर लीगमध्ये पुढचा काळा खेळाडू दिसायला १९४७ साल आणि जॅकी रॉबिन्सन यावे लागले. देवभोळ्यांच्या खेडवळ कॉलेजानं जे सहज केलं ते बाजारानं साठ वर्षं होऊ दिलं नाही.

आणि ओबर्लिनचा फुटबॉल! (अमेरिकन, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा.) १८९२ साली प्रशिक्षक जॉन हाइझमन. आज ज्यांच्या नावानं कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा चषक आहे तेच. त्या वर्षी ओबर्लिननं ओहायो स्टेटला दोनदा हरवलं, ४०–० आणि ५०–०. मिशिगनविरुद्धचा सामना तर आजही सुटलेला नाही. ओबर्लिनच्या पोरांना शेवटची गाडी पकडायची होती, म्हणून सामना ४.५० ला संपवायचा असं आधीच ठरलेलं. ओबर्लिनच्या बाजूचा पंच म्हणाला वेळ संपली, आम्ही २४–२२ नं जिंकलो. पोरं निघाली स्टेशनवर. मिशिगनच्या बाजूचा पंच म्हणाला अजून चार मिनिटं आहेत. मिशिगनवाले रिकाम्या मैदानात निवांत चालत गेले, टचडाऊन केला आणि २६–२४ नं जिंकले. दोन्ही कॉलेजांच्या नोंदवहीत आजतागायत आपापला विजय आहे.

गावठी_गणपत

आमच्या गावच्या कबड्डीत पंचाचा मेहुणा समोरच्या संघात असतो तेव्हा अगदी असंच होतं. फक्त गाडी पकडायची घाई नसते, पळून जायची असते.

बीव्हर_फॉल्सचा_बंड्या

आयडी बघूनच कळलं असेल मी काय लिहिणार ते. आमच्या पेन्सिल्वेनियातल्या जिनिव्हा कॉलेजचा उल्लेख नाही म्हणजे काय! रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन लोकांचं, १८४८ चं. एप्रिल १८९३ मध्ये इथे न्यू ब्रायटनच्या वायएमसीएविरुद्ध बास्केटबॉल झाला. कॉलेज बास्केटबॉलचा जन्म इथला, असं इथली मंडळी ठासून सांगतात.

दहा_हजार_तळी

@बंड्या, माफ करा, पण वायएमसीए म्हणजे कॉलेज नव्हे. दोन शिक्षणसंस्थांमधला सामना पहिल्यांदा झाला तो आमच्या मिनेसोटात. ९ फेब्रुवारी १८९५, हॅमलिन, मेथडिस्टांचं कॉलेज. नेस्मिथचा विद्यार्थी रे काइन तिकडे आला आणि खेळ सोबत घेऊन आला. तळघरात खेळले, छत एवढं खाली की चेंडू वर फेकायची सोय नाही. हॅमलिन शेतकी शाळेकडून ९–३ नं हरलं. पहिला सामना आणि तोही हरलेला, तरी अभिमान आहेच.

बीव्हर_फॉल्सचा_बंड्या

हरलेल्या सामन्याचा जन्मदाखला तुम्हाला लखलाभ. आम्ही जिंकलो होतो.

एरीकाठचा

दोघेही बरोबर आहात, असं म्हणून मी पळ काढतो. पाच विरुद्ध पाच असा हिशेब धरला तर १८९६ चा शिकागो-आयोवा सामनाही रांगेत येतो. बाहेरच्या माणसाला यातलं एकच दिसतं: भांडणारे सगळे वायएमसीएच्या एकाच झाडाच्या फांद्या.

मक्याचं_शेत

मी आयोवात असतो. इथल्या ग्रिनेल कॉलेजची गोष्ट सांगतो. काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळींनी १८४६ साली काढलेलं, आता धर्माशी नावापुरताही संबंध नाही. २० नोव्हेंबर २०१२ ला त्यांच्या जॅक टेलरनं एका सामन्यात १३८ गुण केले. एकट्यानं. १०८ वेळा चेंडू टाकला, त्यातले ७१ तीन गुणांच्या रेषेबाहेरून. सगळ्या जगात बातमी झाली.

समोर कोण होतं हे बातमीत शेवटच्या ओळीत. फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज, अँकेनीचं. तिथली बरीच मुलं पाद्री किंवा मिशनरी व्हायला शिकतात. त्यांच्याही डेव्हिड लार्सननं त्या दिवशी ७० गुण केले. सत्तर! आणि संघ हरला १७९–१०४ नं. कुठल्याही इतर रात्री तो पहिल्या पानावर असता.

मला विचाराल तर तो विक्रम मला तितकासा आवडत नाही. दुबळा संघ बघून भांडं भरून घेतल्यासारखं वाटतं.

पोहेवाली

लार्सनसाठी वाईट वाटलं. सत्तर करूनही तळटीप.

सदाफुली

मुलींचं कोणीच काढलं नाही अजून, म्हणून मीच काढते. इमॅक्युलाटा, फिलाडेल्फियाजवळचं नन्सनी चालवलेलं, तेव्हा फक्त मुलींचं कॉलेज, १९२० चं. व्यायामशाळा जळून गेलेली. प्रशिक्षक कॅथी रश, विशी नुकती ओलांडलेली, पगार नाममात्र. १९७२ ला मुलींच्या कॉलेज-खेळांच्या नव्या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयला. जायला पैसे नाहीत, तर पोरींनी टूथब्रश विकले. तिकिटांपुरते पैसे आठ जणींचे जमले, म्हणून आठच गेल्या. अंतिम सामना वेस्ट चेस्टरशी, ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी यांना ३२ गुणांनी लोळवलेलं. इमॅक्युलाटा ५२–४८ नं जिंकलं. मग ७३, मग ७४. सलग तीन. घरच्या सामन्यांना नन्स झगे घालून पहिल्या रांगेत, हातात लोखंडी बादल्या, आणि त्या काठीनं बडवायच्या. आपल्याकडे ताशा असतो तशी बादली.

पण पुढचं ऐका. १९७२ लाच टायटल नाइन कायदा आला, शिक्षणात मुलींशी भेदभाव नको म्हणून. फार चांगला कायदा. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळावर पैसे लावणं भाग पडलं, शिष्यवृत्त्या आल्या, आणि बादल्या वाजवणाऱ्या नन्सच्या कॉलेजचा जमाना संपला. कोणी लक्ष देत नव्हतं तोवर त्या राण्या होत्या. संघातली थेरेसा शँक, लग्नानंतरची ग्रेंट्झ, १९९२ च्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या महिला संघाची प्रशिक्षक होती.

दहा_हजार_तळी

+१. पुरुषांचंही तेच. १९२१ चा ऑक्टोबर घ्या. ८ तारखेला ओबर्लिननं ओहायो स्टेटला ७–६ नं हरवलं. २९ तारखेला केंटकीच्या सेंटर कॉलेजनं, प्रेस्बिटेरियन, जेमतेम काही शे विद्यार्थी, हार्वर्डला ६–० नं. हार्वर्ड कित्येक सामने हरलेलं नव्हतं. सेंटरचे खेळाडू सामन्याआधी प्रार्थना करायचे म्हणून 'प्रेइंग कर्नल्स'. पोरांनी गावभर भिंतींवर 'सी-सिक्स-एच-झिरो' असं रसायनशास्त्राच्या सूत्रासारखं रंगवलं. आता? ओबर्लिननंतर आजवर ओहायोतला एकही संघ ओहायो स्टेटला हरवू शकलेला नाही. आणि ओबर्लिन १९९० च्या दशकात सलग ४० सामने हरलं.

मिशिगनची_मावशी

मी या मंचावर वाचनमात्र असते, पण हा विषय घरातला आहे म्हणून लिहिते. माझी धाकटी सॉफ्टबॉल खेळते. अकरावीत असताना एका छोट्या चर्चच्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. नाव घेत नाही. बाई इतक्या गोड की मला वाटलं आता सगळं फुकट. मग कळलं की डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदीच आहे. म्हणजे कोच बोलावते, मुलगी खुश, आणि फी आपण भरायची! 'मेरिट'च्या नावाखाली थोडी सूट दिली. नवरा म्हणाला, अगं, ही साडीच्या दुकानासारखी सूट आहे. आधी किंमत वाढवायची, मग कमी करायची.

एरीकाठचा म्हणतात ते बरोबर आहे. फुटबॉलची शंभर मुलं आणली म्हणजे शंभर फिया आल्या. या कॉलेजांत कितीतरी ठिकाणी दर तीन-चार मुलांमागे एक खेळाडू असतो. कोच म्हणजे खरं तर ॲडमिशन ऑफिसचा माणूस, गळ्यात शिट्टी अडकवलेला. लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीनं चेंडू खेळायचा खेळ) नवा संघ काढला की वर्गात वीस नवी डोकी. खेळ बंद केला तर कॉलेज बंद.

तरी पाठवलं तिला तिथेच. प्राध्यापक नावानं हाक मारतात, आजारी पडली तर कोच सूप घेऊन येते. पुण्यात माझ्या वर्गात एकशे वीस जण होते, सरांना माझं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

एरीकाठचा

मावशी, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत, आणि आकड्यांसकट. मी गाडीत बसून ज्या सरावाची वाट बघत होतो तो त्याच कारणासाठी आहे. मुलीला दोन छोट्या कॉलेजांची पत्रं आलीत. एकाच्या पत्रात वरती क्रूस आणि खाली सिंहाचं चित्र.

तर्कटराव

धागाकर्ते, एक शंका. बर्मिंगहॅम-सदर्नकडेही भरपूर संघ होते ना? मग खेळानं ते कॉलेज का नाही वाचवलं? तुमच्या सिद्धान्ताला तिथे भोक पडतं.

एरीकाठचा

पडतं. फी भरणारी पोरं आली तरी इमारतींचं कर्ज आणि आटलेली ठेव भरून निघत नाही, एवढंच म्हणू शकतो. सिद्धान्त जरा मऊ करतो: खेळ कॉलेजांना जगवतो, पण बुडणाऱ्याला वर काढायची ताकद त्याच्यात नाही.

पोहेवाली

त्या मुलांचं पुढे काय झालं?

एरीकाठचा

ज्यांची वर्षं बाकी होती ती दुसऱ्या कॉलेजांत गेली. शनिवारी सामना संपल्यावर मात्र बराच वेळ कोणी मैदान सोडलं नाही. प्रेक्षकांतली बरीच मंडळी कुठल्याच संघाची नव्हती, आमच्यासारखीच आसपासची. आजोबांनी जाताना स्टॉलवरून त्या कॉलेजची टोपी मागितली, तर संपली होती.

ता. क.: क्लीव्हलंडकडचं कोणी असेल तर ओबर्लिनचा एखादा घरचा सामना बघायला जाऊ. गर्दीचं टेन्शन नाही, पार्किंग मिळतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडून. नागपाडा_एक्सप्रेस, तुम्ही कधी इकडे आलात तर स्प्रिंगफील्डला नेतो, तिथे नेस्मिथच्या नावाचं बास्केटबॉलचं संग्रहालय आहे.

नागपाडा_एक्सप्रेस

येतो की. बूट माझे मी आणीन.